दोन डावे

घोडे जोडून मिरवायची हौस कोल्हापूर जिल्ह्यात शाहू महाराजांनी खडखडा हाकून पुरती भागवली. मागून जन्मलेल्यांनी बैलांवर समाधान मानावं. मी मानलं, पण तेही मला झेपलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी जाहीर केलं, की उसाच्या सरीत ट्रॅक्टर घालायचा नाही, बाळबांधणी बैलांनीच करायची. घरचं शेणखत, दारात पांढरीशुभ्र खिलार जोडी, आणि बेंदराला तिच्या शेजारी फेटा बांधून मी. फेटा आधीच आणून ठेवला होता. चुलते तात्या म्हणाले, "बाजारात मी येतो संगं." मी म्हटलं, "तुम्ही कशाला दगदग करता? मी वाचलंय सगळं."

वाचलं होतं ते असं: दुधाचे दात असतील तर बैल आदत, पुढं दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि पाचव्या वर्षाच्या आगेमागे आठही दात पुरे झाले की जुळला. मुरगूडच्या जनावरांच्या बाजारात पहिल्याच दावणीला मी एका बैलाचा ओठ वर केला आणि हादरलो. वरच्या जबड्यात पुढचा एकही दात नाही! नुसती गुलाबी, टणक हिरडी. "म्हातारा बैल गळ्यात मारताय होय?" मी दरडावून विचारलं.

हेड्यानं तंबाखू मळायची थांबवली. "सायेब, वरचं म्होरलं दात बैलाला देवानंच दिल्यालं न्हाईत. खालचं बगा."

आजूबाजूच्या दावणींवर ही बातमी माझ्याआधी पोचत गेली. पुढं प्रत्येक जण मला आपणहून खालचा ओठ ओढून दाखवू लागला, लहान मुलाला दाखवावं तसा.

भोवरे, गोम, खूर, वशिंड, सगळं मी गंभीरपणे पाहिलं. एकानं एक खोंड दाखवून कानात सांगितलं, "शर्यतीचं रगात हाय." शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि मे 2023 मध्ये त्याच न्यायालयानं शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. पळणाऱ्या खोंडाच्या मालकाशी भावाचं बोलायला तेव्हापासून छाती लागते. शिवाय उसाच्या सरीत पळणारा बैल घेऊन करायचं काय? हा एवढा एक शहाणपणा माझ्या हातून झाला.

मग एका दावणीचा उंच, रेखीव शिंगांचा बैल आवडला. भावाची वेळ आली तेव्हा हेड्यानं माझा हात धरला आणि वर टॉवेल टाकला. एवढी आपुलकी बघून मला भरून आलं. त्यानं माझी बोटं दाबली, मीही सौजन्यानं त्याचा सगळा पंजा दाबला. टॉवेलाखाली भाव बोटांवर ठरतो आणि एक बोट म्हणजे हजार की दहा हजार हे ज्याचं त्यानं ओळखायचं असतं, हा भाग माझ्या वाचनातून सुटला होता. हेड्याचा चेहरा उजळला. तो मागत होता त्याच्यापेक्षा मी जास्त दिले होते.

दुसरा बैल दुसऱ्या दावणीचा घेतला. रंग, उंची, शिंगं, तंतोतंत पहिल्यासारखी. अशी जोडी जमवायला नजर लागते, असं टेम्पोवाल्याला मी वाटभर सांगत होतो.

सकाळी जू काढलं. पहिला बैल शहाण्यासारखा डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. दुसऱ्याला उजवीकडं आणलं, तर तो मागून वळसा घालून डावीकडंच आला. कासरा ओढला, चुचकारलं, पेंड दाखवली. पेंड खाऊन तो पुन्हा डावीकडं. शेवटी शिवळ निसटली, जू माझ्या पायावर पडलं आणि दोघे बैल शेजारच्याच्या मक्यात गेले. तिथंही ते डावी-उजवी करत भांडत होते.

तात्या बांधावर बसून बघत होते. "ह्यो डाव्या अंगाचा हाय," ते म्हणाले. "आनि त्यो बी डाव्याच अंगाचा. घेताना जुवाला लावून बगितलास न्हाईस?"

"आता काय करायचं?"

"उजवीकडं तू ऱ्हा की. नायतर रिकामाच हाईस."

बायकोनं तेवढ्यात फेट्याच्या कापडाची उशीची खोळ शिवायची का, असं विचारून घेतलं.

पुढच्या बाजाराला तात्या आले. दुसरा बैल देऊन, वर पैसे मोजून, उजव्या अंगाचा घ्यायचं ठरलं. तो आधी जुवाला लावला, गाडीला लावला, चिखलात चालवला, खांद्यावर हात फिरवून सूज आहे का पाहिलं. दात मात्र तात्यांनी मलाच बघायला सांगितले आणि सगळी दावण काम सोडून गोळा झाली. भाव ठरवताना हेडा हसत हसत माझ्याकडं हात पुढं करून आला. तात्यांनी मधेच स्वतःचा हात घातला आणि मला म्हणाले, "तू नुसता टॉवेल धर."