झाकणाचं उद्घाटन

माळव्यात सरकारी काम सर्वांत वेगानं कधी होतं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: मूल बोरमध्ये पडल्यावर. खसऱ्यातलं एक नाव दुरुस्त करायला ज्या पटवाऱ्याला दोन पावसाळे लागतात, तोच अर्ध्या तासात बांधावर हजर होतो. त्याच्यामागे तहसीलदार, तहसीलदारामागे कलेक्टरसाहेब, साहेबांमागे पोकलेन, पोकलेनमागे एनडीआरएफ आणि या सगळ्यांच्या पुढे टीव्हीवाले. जिथं दिवसा मोटर चालवायला वीज नसते, त्या शेतात रात्री हॅलोजनचा लखलखाट होतो. चहाची गाडी येते, मागोमाग पोह्यांची येते. शाळेतली मुलं प्रार्थनेला बसतात, मोठी माणसं हवनाला. आठ इंचांच्या भोकाभोवती बघता बघता जिल्ह्याचं मुख्यालय वसतं.

खोट एवढीच, की हे सगळं मूल आत गेल्यावर. ते बाहेर खेळत असेपर्यंत त्या भोकावर एक फाटकं पोतं असतं, आणि पोतं उडू नये म्हणून वर एक दगड. बालसुरक्षेचा आपला पूर्वतयारी विभाग तो हाच. पोतं हे मुख्य अधिकारी, दगड सहायक.

बचावपथकांची थट्टा करायचा माझा विचार नाही. मार्च २०१८ मध्ये देवास जिल्ह्यात, खातेगाव तहसिलीतल्या उमरिया गावी चार वर्षांचा मुलगा बोरमध्ये पडला. सैन्य आलं, रात्रंदिवस खपलं आणि सुमारे ३५ तासांनी पोरगं जिवंत वर आलं. टाळ्या वाजल्या, त्या वाजायलाच हव्या होत्या. त्याआधी २००६ साली कुरुक्षेत्राजवळ पाच वर्षांचा मुलगा असाच सुमारे ५० तासांनी सैन्यानं काढला, तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसून होता. घोळ तिथूनच सुरू झाला. आपल्याला वाटलं, रीत हीच: मूल पडतं, सैन्य काढतं, आपण बघतो.

पुढची यादी टाळ्यांची नाही. डिसेंबर २०२२, बैतूल जिल्ह्यातलं मांडवी: आठ वर्षांचा मुलगा, ८४ तास. मार्च २०२३, नगर जिल्ह्यातलं कोपर्डी: मध्य प्रदेशातून ऊसतोडीला आलेल्या मजुराचा पाच वर्षांचा मुलगा. जून २०२३, सीहोर जिल्ह्यातलं मुंगावली: अडीच वर्षांची मुलगी, आणि तिच्यासाठी गुजरातेतून आलेला रोबो. एप्रिल २०२४, रीवा: सहा वर्षांचा मुलगा. यांतलं एकही वाचलं नाही. यात पथकांचा आळस नव्हता, जमिनीचा हिशेबच तसा असतो. मूल अडकलंय तेवढ्या खोलीचा दुसरा खड्डा शेजारी खणायचा, मग तिथून आडवा बोगदा काढायचा आणि शेवटचा टप्पा हातानं उकरायचा. खडक लागला की काम इंचाइंचानं पुढे सरकतं. यंत्र जोरात लावावं तर हादऱ्यानं मूल आणखी खाली घसरतं. मुंगावलीत तेच झालं. हळू जावं तर वेळ संपतो. खड्ड्यात पडलेल्या मुलाची सुटका हे जगातलं एक अतिशय अवघड काम आहे. त्याच खड्ड्यावर झाकण बसवणं हे अतिशय सोपं काम आहे. आपण अवघड कामाची जय्यत तयारी ठेवतो आणि सोपं काम पोत्यावर सोपवतो.

असं का, हे मला आमच्या धारच्या मामांनी समजावलं. मामांचं घराणं पवारांच्या संस्थानात गेलेलं, त्यामुळे त्यांची मराठी पुण्याहून निघून इंदुरात उतरलेली आहे. पावसाळ्यात मामांकडे गेलं की मांडूला जावंच लागतं. नाही म्हटलं तर त्यांना तो संस्थानचा अपमान वाटतो.

‘‘भोकं आली कुठून, हे विचारून राहिला ना तू?’’ जहाज महालाकडे जाताना मामा म्हणाले. ‘‘पाण्यामागे पळताना आली. १९९० साली देवासला आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं, माहीत आहे? शेतकरी तहानलेला. त्यानं खोल बोर मारला. तो आटला, म्हणून आणखी खोल मारला. तोही कोरडा. मग केसिंगचा पाइप महाग असतो भिया, तो उपसून नव्या बोरला घातला. मागे काय राहिलं?’’

‘‘भोक.’’

‘‘भोक नाही रे, गुंतवणूक! बुजवून टाकली तर गेलीच. न जाणो, पुढच्या वर्षी पाणी लागलं तर? म्हणून पोतं.’’

मामांच्या शेतावर असे किती बोर आहेत, हे मी विचारलं नाही. जेवण त्यांच्याकडेच होतं.

मांडूचा डोंगर सुमारे दोन हजार फुटांवर. वर बारमाही नदी नाही. तरी सुलतानांनी इथं राजधानी थाटली आणि पावसाच्या पाण्यावर ती चालवली. मुंज तलाव, कपूर तलाव, चंपा बावडी. जहाज महालाच्या गच्चीवर तर हौदात जाण्याआधी पाण्याचा गाळ खाली बसावा म्हणून नागमोडी चर कोरलेला आहे. ग्यासुद्दीन खिलजीच्या जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या असं सांगतात. आकडा निम्मा धरला, तरी एवढ्या बायका आणि त्यांची मुलं या डोंगरावर एकही बोर न मारता पाणी प्यायली. उजाळी बावडीला खालपर्यंत पायऱ्या आहेत. अंधारी बावडी तर चक्क झाकलेली आहे: भोवती ओवरी, वर घुमट आणि घुमटात उजेडापुरती एक मोकळी जागा. म्हणजे पाण्याच्या भोकावर काहीतरी पक्कं बांधावं, ही कल्पना धार जिल्ह्यात कित्येक शतकांपूर्वीच येऊन गेली होती. पुढच्या फाइलवर तेवढी सही राहिली.

मोगलांकडेही तयारी होती. बादशहा जहांगीर १६१७ मध्ये मांडूत काही महिने मुक्कामाला होता. पुढे तीन वर्षांनी, काश्मीरमध्ये, त्याचा लहानगा नातू शाहशुजा महालाच्या खिडकीतून खाली पडला. खाली घडी केलेली सतरंजी होती, तिच्याजवळ एक फर्राश, म्हणजे सतरंज्या अंथरणारा नोकर, बसला होता. मुलाचं डोकं सतरंजीवर, पाय फर्राशच्या पाठीवर, आणि मूल सुखरूप. शिवाय हा मुलगा उंचावरून पडेल पण त्याला काही होणार नाही, असं ज्योतिकराय नावाच्या ज्योतिष्यानं काही महिने आधीच सांगून ठेवलं होतं, असं जहांगीरच लिहून गेलाय. आगाऊ इशारा, घटनास्थळी साहित्य आणि नेमल्या जागी मनुष्यबळ! एखाद्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात या तीन गोष्टी एकदम सापडल्या, तर त्या कलेक्टरला बढती द्यायला हरकत नाही. खिडकीला कठडा का नव्हता, हे मात्र बादशहानंही विचारलेलं दिसत नाही. ही परंपराही जुनीच.

आमचं प्रशासन वेळेआधी हलतच नाही, असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच धार जिल्ह्यात, कोठिदाजवळ कारम नदीवरचं ३०४ कोटींचं मातीचं धरण बांधून व्हायच्या आतच गळू लागलं. धार आणि खरगोनमधली १८ गावं रिकामी केली, सैन्य बोलावलं, बाजूनं चर खणून पाणी सोडून दिलं. जीवितहानी नाही. आधी धरण कुणी तसं बांधलं हा भाग वेगळा, पण धोका समोर दिसल्यावर मुलाबाळांसकट गावं हलवता येतात, हे सिद्ध झालं. मग बोरचंच घोडं कुठं अडतं?

‘‘साइजमध्ये,’’ मामा म्हणाले. ‘‘धरण हेलिकॉप्टरमधून दिसतं. बोर वरून दिसत नाही, खालून दिसतो. आणि खाली कोण असतं? मतदानाचं वय नसलेलं माणूस.’’

नियम नाहीत म्हणावं तर तेही खोटं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सगळं लिहून दिलंय. बोर मारण्याआधी १५ दिवस कळवा. काम चालू असताना पाटी लावा, तारेचं कुंपण घाला. केसिंगभोवती अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद असा सिमेंटचा ओटा बांधा. ३० सेंटिमीटर जमिनीवर, ३० सेंटिमीटर जमिनीखाली. तोंडाला पोलादी पत्रा वेल्ड करा किंवा नट-बोल्टचं पक्कं झाकण बसवा. सोडून दिलेला बोर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून वरपर्यंत भरा. देशातल्या सर्वोच्च न्यायासनानं बोल्टपर्यंत उतरावं, याहून स्पष्ट काय सांगायचं? जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेनं यासाठी स्वतंत्र कायदाही केला आणि असं करणारं पहिलं राज्य म्हणून पाठ थोपटून घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात, गुना जिल्ह्यात, दहा वर्षांचा मुलगा उघड्या बोरमध्ये पडून गेला. त्या भोकाला कायदा वाचता येत नव्हता.

मामांचं म्हणणं, दोष कायद्यात नाही, कार्यक्रमात आहे. ‘‘पोरगं काढताना मंत्री येतो, फोटो येतो, मदतीचा चेक येतो. झाकण लावताना कोण येतं? वेल्डर! वेल्डरचा फोटो कोण छापून राहिलं आहे?’’

१९८१ साली इटलीत रोमजवळ सहा वर्षांचं पोर असंच अरुंद विहिरीत पडलं. तिथल्या टीव्हीनं तासन्‌तास थेट प्रक्षेपण केलं, हजारोंची गर्दी जमली, दस्तुरखुद्द राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी येऊन उभे राहिले. मूल गेलं. म्हणजे तमाशाचा शोध आपला नाही, त्याचं श्रेय घेऊ नये. पण पुढच्याच वर्षी त्या देशात नागरी संरक्षणाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. आपल्याकडे दोन अधिकारी निलंबित होतात.

तेव्हा तयारीलाच तमाशा करावं, अशी मामांची योजना आहे आणि मी ती जशीच्या तशी शासनाला सादर करतोय.

प्रत्येक उघड्या बोरवर झाकण बसवण्याचा सोहळा करावा. फीत, नारळ, सनई, सगळं. न्यायालयानं सांगितलेला अर्ध्या मीटरचा ओटा नावाच्या कोनशिलेला अगदी बेताचा आहे. आमदार, सरपंच आणि ‘यांच्या शुभहस्ते’ एवढं त्यावर सहज बसतं. बाकी राहिलेल्या बाजूंवर विरोधी पक्ष. वाहिन्यांनी हे थेट दाखवावं: ‘पाना घटनास्थळी पोहोचला आहे! पहिला बोल्ट आत जाताना आपण पाहताय, सर्वप्रथम आमच्या वाहिनीवर!’ दर पावसाळ्याआधी त्याच झाकणाची जयंती साजरी करावी, म्हणजे तपासणीही आपोआप होईल. जिल्ह्यात शेवटचा बोर बंद झाला की मांडू उत्सवात, रोषणाईनं उजळलेल्या जहाज महालासमोर, वेल्डरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. भाषणं करणाऱ्यांना श्रेय मिळेल, वेल्डरला शाल मिळेल आणि मूल कुठं तरी गोट्या खेळत असेल, त्याला यातलं काही कळणारही नाही. एवढा निर्धोक कार्यक्रम सरकारला दुसरा सापडणार नाही.

योजनेत एकच अडचण आहे. ती मंजूर व्हायला समिती बसेल, समितीला अहवाल लागेल, अहवालाला मुदतवाढ लागेल. आणि बोर समितीची वाट बघत नाही. गव्हाची कापणी झाली, शेत मोकळं झालं, मुलं ओंब्या वेचायला त्यातून धावू लागली की त्याचं तोंड उघडंच असतं.

म्हणून तोवर एक करता येईल. धारमध्ये असो, देवासमध्ये असो, नाहीतर नगरच्या कर्जत-जामखेडात, आपल्या शेतातला कोरडा बोर कुठं आहे ते आपल्याला ठाऊक असतं, पटवाऱ्याला नसलं तरी. गावातला वेल्डर काही शे रुपयांत पत्र्याचं झाकण करून देतो. बोर कायमचा सोडला असेल तर तेही नको, तळापासून भरून टाका. उद्घाटनाला कुणाला बोलावू नका, फोटो काढू नका, नारळही वाचवा. संध्याकाळी मामांना मी हे एवढंच म्हटलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गड्याला हाक मारून विचारलं, ‘‘अरे, मोठा पाना कुठं ठेवला आहे?’’