एका कुशीचा दर

ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. आधी डावी, मग उताणा, मग उजवी. चार पाळ्या चुकल्या की माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फुटते, आणि जखम एकदा खोल गेली की महिनोन् महिने ड्रेसिंग. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे बारा कुशी. रविवारी बारा, पाडव्याला बारा, घरात लग्न असेल त्या दिवशीही बाराच.

या बारा कुशींसाठी सरकारकडून काय मिळतं, ते मांडून पाहू. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल इतका सोपा आहे.

केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात महिन्याला ३०० रुपये. त्यासाठी अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त हवं, नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं आणि वय १८ पूर्ण हवं. (अठराच्या आतली पोरं बहुधा आपापली वळत असावीत.) २०१२ साली २०० चे ३०० झाले, तेव्हापासून ते ३००च आहेत. दिवसाला १० रुपये. त्याला बाराने भागा: एका कुशीला ८३ पैसे. रोख द्यायचे म्हटलं तरी पंचाईत. ५० पैशांचं नाणं एखाद्या देव्हाऱ्यात सापडेलही, पण वरच्या ३३ पैशांचं काय? २५ पैसे आणि त्याखालची नाणी सरकारनेच २०११ मध्ये बाद केली.

महाराष्ट्राचा हात मात्र सढळ. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे १५०० रुपये २०२५ मध्ये २५०० झाले. केंद्राचे ३०० मिळत असतील तर ते यातच धरलेले. म्हणजे दिवसाला ८३ रुपये, कुशीला सात रुपयांना थोडे कमी. कटिंग चहाही दहाला झाला, पण ते असो. या २५०० साठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं आणि दरवर्षी हयातीचा दाखला हवा. अंथरुणातून उठता न येणाऱ्याने आपण अजून आहोत हे सिद्ध करायचं, ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर बसून.

कोणी अधिकारी म्हणेल, अहो, हे पैसे पोटासाठी आहेत, शुश्रूषेसाठी नाहीत. त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तेव्हा वरचा हिशेब खोडा. दर ८३ पैसेही नाही आणि सात रुपयेही नाही.

कायद्याला हे ठाऊक नाही असं मात्र नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्यातलं कलम ३८ तर मला मनापासून आवडतं. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ज्या माणसाला *स्वतःला वाटतं* की आपल्याला रोजच्या जगण्यात जास्त आधार लागतो, त्याने अर्ज करावा, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी. मूल्यमापन मंडळाने तपासावं, आणि मग आधाराची सोय व्हावी. ‘स्वतःला वाटतं’! आपल्या कायद्यांत माणसावर इतका विश्वास क्वचित दिसतो. कलम २४ मध्ये तर अशा माणसांसाठी काळजीवाहक भत्ता असं स्वच्छ लिहिलंय.

फक्त त्याच कलमाच्या पहिल्या ओळीत एक पाचर आहे: या योजना सरकारने आपली आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत करायच्या. पूजेत भटजी ‘यथाशक्ती’ म्हणतात आणि यजमान सुपारीखाली दहाची नोट सरकवतो, तो हा शब्द. मी एका कचेरीत काळजीवाहक भत्त्याचा फॉर्म मागून पाहिला. कारकुनाने संजय गांधीचा दिला. मी पुन्हा मागितला. त्याने पुन्हा तोच दिला, या वेळी पेनासकट.

गोम अशी की सरकारला टक्के मोजता येतात, तास मोजता येत नाहीत. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, रंग बघा. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० च्या वर निळं. आता ज्याला अजिबात ऐकू येत नाही तो निळं कार्ड खिशात टाकून एकटा लोकल पकडतो, ऑफिस गाठतो, येताना भाजी आणतो. आणि पिवळ्या कार्डाच्या एखाद्या मुलीला घास भरवावा लागतो, नाक शिंकरून द्यावं लागतं, पाळीचं सगळं करावं लागतं. दोघांनाही जे द्यायचं ते द्याच. पण तिच्या आईचा दिवस कुठल्या रंगात मावतो?

तास मोजणारी संस्था आपल्याकडे एकच: ब्युरो. अटेंडंट पुरवणाऱ्या कुठल्याही ब्युरोला फोन लावा. पलीकडची बाई टक्के विचारत नाही. ती विचारते, “पेशंट उठतो का? वजन किती? डायपर की बाथरूमला नेता? नळी आहे का, नाकातली की लघवीची? बारा तास की चोवीस?” पाच प्रश्न, दोन मिनिटं, झालं मूल्यमापन. कलम ३८ च्या मंडळाने या बाईला अध्यक्ष नेमावं. अर्थात मूल्यमापनानंतर ती दरही सांगते, आणि तो ऐकून आपण “घरी विचारून सांगतो” म्हणून फोन ठेवतो. येणारी मावशी नर्सिंग शिकलेली असेलच असंही नाही. ती आपल्याकडे असते तेव्हा तिच्या पोरांचं कोण बघतं, हे तर आपण विचारतही नाही.

शुश्रूषेला पैसे लागतात, हे सरकारी कागदावर मला शेवटी एका भलत्याच ठिकाणी सापडलं. आयकरात! अवलंबून असलेल्या दिव्यांगाच्या उपचारांवर, ‘शुश्रूषेसह’ असा स्पष्ट उल्लेख करून, ७५ हजारांची वजावट, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. वाचून डोळे पाणावले. मग पुसून पुढचं वाचलं. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत. नव्यात नाही, आणि २०२३ पासून आपोआप लागू होते ती नवी. म्हणजे वर्षाला ५० हजारांच्या आत कमावणाऱ्याला पेन्शन, जुनी पद्धत निवडून भरपूर कर भरणाऱ्याला सूट. मधल्या रिक्षावाल्याने, अंगणवाडी सेविकेने, दुकानातल्या सेल्समनने काय करायचं? त्यांच्यासाठी सुविचार आहेत. दिव्यांग मूल ही देवाने निवडलेल्या घरी दिलेली ठेव असते, वगैरे. देव ठेवीवर व्याज देत नाही.

निरामय विमा आहे की, असं कोणीतरी म्हणणारच. आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठी, एक लाखापर्यंत. दवाखान्याला, थेरपीला उपयोगी. पण रात्री तीन वाजता कूस बदलायला विमा येत नाही.

व्हीलचेअरही मिळते. शिबिर भरतं, मांडव पडतो, साहेब हँडलला हात लावून फोटो काढतात. खुर्चीत बसवणारा माणूस मात्र सोबत आणायचा असतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असाही नियम आहे. त्यातून गावातल्या चार घरांसाठी दिवसाचे चार तास एक बाई ठेवता येईल, हे मी एका सरपंचांना सुचवलं. ते म्हणाले, “कल्पना चांगली आहे, पण वस्तू दिली की दिसते.”

केरळची गोष्ट सांगितली की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, तरी सांगतो. तिथे २००८ पासून परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण आहे आणि पंचायतीच्या खर्चाने नर्स घरी येते: नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. शिवाय ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्याचं करणाऱ्या घरच्या माणसाला महिना ६०० रुपये. कुशीला १ रुपया ६७ पैसे. तेही थकतात अशी तिथे ओरड असते. रक्कम लाजिरवाणीच. पण निदान ती कोणासाठी आहे, ते बरोबर लिहिलंय.

मध्यंतरी ओळखीच्या एका बाईंबरोबर सरकारी दवाखान्यात गेलो होतो. मुलगा तिशीचा, मानेखाली काही हलत नाही. प्रमाणपत्र नव्याने काढायचं होतं. ओम्नी भाड्याने घेतली, मागची सीट काढली, सातला निघालो. नंबर मिळाला ४३. साडेअकराला बाईंनी घड्याळ पाहिलं आणि शिपायाला विचारलं, पाच मिनिटं एखादी कॉट मिळेल का. शिपाई वाईट नव्हता. इकडेतिकडे बघून म्हणाला, “तेवढं तुम्हीच बघा, काकू.” त्यांनी पिशवीतून चादर काढली. जिन्याखाली अंथरली. मी पाय धरले, त्यांनी खांदे. उजवी कूस.

आत चार मिनिटांत काम झालं. डॉक्टरांनी १०० टक्के लिहिलं, कायमस्वरूपी लिहिलं, शिक्का मारला. बाईंनी विचारलं, याचं करायला सरकारकडून कोणी मिळतं का. डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “ते आमच्याकडे नाही येत, ताई.”

बाहेर आल्यावर बाईंनी कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. दीड वाजत आला होता.