झिरी बुजवा, कायमची दिसेल अशी

कन्सिल्ड फिटिंगसाठी भिंतीत झिरी पाडायची ती वायर दिसू नये म्हणून. वायर खरोखरच दिसत नाही. तिच्या जागी स्विचबोर्डापासून छतापर्यंत एक फुगीर, भोवतीच्या रंगाशी फटकून वागणारा पट्टा दिसतो. असा पट्टा आपोआप उमटत नाही. त्याला तीन कारागीर आणि गणपतीच्या आधी घर आवरायची घाई लागते. पहिलीच खेप असेल तर क्रम मोडू नका.

१. झिरी पाडायला वायरमनला कटर आणू देऊ नका. कटरने दोन सरळ रेघा मारून मधला भाग छन्नीने काढला, तर कडा साफ राहतात आणि पुढे बिघडवायला काही उरत नाही. नुसत्या छन्नी-हातोड्याने २५ मिलिमीटरच्या पाइपसाठी हाताचा पंजा मावेल एवढं भगदाड पडतं. भिंत चार इंची असेल तर तुमचं नशीब. भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी झिरी जाडीच्या एक षष्ठांशाहून खोल नसावी, असं आयएस १९०५ हे भारतीय मानक सांगतं. चार इंचांचा सहावा हिस्सा १७ मिलिमीटर. त्यात २० मिलिमीटरचा पाइपसुद्धा बसत नाही. तेव्हा वर जाताना मधे थोडा आडवाही न्या. पलीकडच्या खोलीत टवका पडला की वायरमन म्हणेल, “भिंतच पोकळ आहे, काका.” मान डोलवा.

२. पाइप विटेच्या पातळीच्या आत जाऊ देऊ नका. त्याच्यावर मालाचा जेमतेम पापुद्रा बसेल इतपत वर ठेवा. पीव्हीसीला सिमेंट चिकटत नाही, त्यामुळे पापुद्रा लवकरच मोकळा होतो.

३. झिरीतली धूळ झाडू नका, पाणी तर मुळीच मारू नका. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणी पुरत नाही आणि दोन्ही कडांना बारीक भेग पडते. भांगासारखी, अगदी सरळ. कोंबडीजाळी दोन्ही बाजूंच्या प्लास्टरवर चढवून ठोकली, तर ही भेग पुष्कळदा टळते. म्हणून गवंड्याने जाळी मागितली की “एवढ्याशा कामाला?” असं विचारा. तो पुन्हा मागणार नाही. त्यालाही घरी जायचंय.

४. सगळा माल एका दमात कोंबा. आधी खालचा थर भरायचा, तो ओरखडून ठेवायचा, सुकला की वरचा थर भिंतीशी सपाट करायचा, ही सवड असलेल्यांची पद्धत. जाड थर सुकताना आकसतो, मधे खळगा पडतो. तो भरायला पुन्हा माल थापा, म्हणजे फुगवटा तयार. लाकडी रंधा फिरवायचा आग्रह धरू नका, थापीची पाठ पुरे. आठवडाभर पाणी मारायचं मनात आलं तर सोफ्यावरच्या चादरी आठवा.

५. आता महत्त्वाची पायरी, आणि इथे तुम्हाला काहीच करायचं नाही. वायरमन म्हणतो, “बुजवणं गवंड्याचं काम.” गवंडी म्हणतो, “लांबी भरली की सारखं होतं, मालक.” पेंटर भिंतीवर तळवा फिरवतो, सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, “प्लास्टरच वर-खाली आहे, मी काय करणार?” तिघंही खरं बोलतात. झिरी बुजवणं ठरवलेल्या पैशांत नेमकं कुणाचं, हे कुणीच विचारलेलं नसतं. तुम्हीही विचारू नका. विचारलंत तर वायरमन पिशवीतून पीओपी काढेल. ते काही मिनिटांत आवळतं, ही त्याची थोरवी. ओलसर भिंतीवर ते भुसभुशीत होऊन सुटतं, पण तोवर पावसाळा यावा लागतो आणि वायरमनचा फोन बदललेला असावा लागतो.

६. लांबी ओल्या मालावरच ओढा. ती पातळ थरांत, सुकवून, पॉलिश पेपर मारून भरायची असते, हे पेंटरला ठाऊक आहे. त्याला आठवण करून देऊन लाजवू नका. घासकाम ट्यूबलाइटखाली उरकून घ्या. भिंतीलगत बॅटरी आडवी धरली तर प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, आणि इतकी माहिती तब्येतीला बरी नसते.

७. रंग फक्त पट्ट्यावर लावा. जुना डबा माळ्यावर असेलच, शेड नंबरही तोच. पण भिंतीवरचा रंग इतक्या वर्षांत फिका पडलाय आणि ताजी लांबी रंग जास्त पिते, त्यामुळे पट्टा उठून दिसेल. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवली तर तो मिसळून जाईल. डबाभर रंगाचे पैसे वाचवा.

८. झिरी उघडी असताना तिचा फोटो काढला नाहीत, हे उत्तम. आता पट्टा झाकायचा आहे. बाजारातून मोठंसं घड्याळ आणा आणि बोर्डाच्या बरोबर वर, पट्ट्याच्या मधोमध, लांब खिळा ठोका. वायर कुठून गेली आहे याबद्दल कुठल्याही साफ भिंतीने दिली नसती इतकी चोख खूण तुमच्यासमोर आहे. ठोकण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारून घ्या, मेन स्विच कुठे आहे ते.