खालसा झालेली नावे

माणसाने कशाचा अभिमान बाळगावा याला काही धरबंध नाही. मी माझ्या व्हेरिएबलांच्या बारशांचा बाळगीत असे. त्रिमितीय चित्रे काढणाऱ्या आमच्या प्रोग्रामात कॅमेऱ्याला जेथून दिसू लागते त्या अंतराचे नाव मी ‘निअर’ आणि जेथे दिसणे संपते त्याचे ‘फार’ असे ठेवले होते, आणि दुसऱ्या नावात इंग्रजी दूरत्व व मराठी विपुलता एकाच वेळी नांदतात, या स्वतःच्याच श्लेषावर आठवडाभर खूश होतो. लिनक्सवर सारे सुरळीत चाले. विंडोजवर मात्र कंपायलर नेमक्या त्याच ओळींवर अडतो, असे एका कनिष्ठ सहकारी मुलीने कोड रिव्ह्यूत अदबीने नोंदविले, तेव्हा मी साडेतीन परिच्छेदांचा खलिता धाडून आपले यंत्र तपासण्याचे तिला फर्मावले.

यंत्र ठणठणीत होते. 1978 साली आलेल्या 8086 प्रोसेसरात स्मृतीचे 64 किलोबाइटांचे तुकडे पाडून व्यवहार चाले; आपल्या तुकड्यातला पत्ता तो निअर, परमुलखातला तो फार. पुढे 32 बिटांची राजवट आली, ही वाटणी संपली. परंतु जुने कागद अडू नयेत म्हणून विंडोजच्या हेडर फायलींत हे दोन्ही शब्द निरर्थक मॅक्रो म्हणून राहिले, दिसले की पुसले जाणारे. माझ्या व्हेरिएबलाला जात होती, किंमत होती. नाव तेवढे नव्हते.

कुलकर्णी आडनावाच्या माणसाला हे आधीच उमजावयास हवे होते. 1950 च्या कायद्याने आमचे वतन खालसा झाले, दप्तर तलाठ्याकडे गेले, घरात उरले ते आडनाव; तरीही आजोबा पोस्टकार्डावर सहीखाली असा लपेटदार फराटा ओढीत की, निम्मा मजकूर पत्त्याच्या बाजूला हद्दपार होई, आणि पोस्टमन पत्ता वाचण्याची तसदी आजीवर सोपवी. माझ्या खलित्याला तोच फराटा होता.

प्रथम मी ते मॅक्रोच रद्द करण्याचा हुकूम काढला. कॅपिटल अक्षरांतला ‘फार’ लहान अक्षरांतल्या या धाकट्याच्याच आधारावर उभा असल्याने विंडोजच्या इतर फायली कोसळतील, हे तिने एका ओळीत दाखविले. मग हे सारे तुला ठाऊक होते तर नोंद करावयास दोन दिवस का लावलेस, असे मी विचारले.

“वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलं असेल, सर. विचारायची भीती वाटली.”

यावर मला विनोद सुचला नाही. दोन दिवस विंडोजचे बिल्ड मोडून पडले होते, ते माझ्या ज्येष्ठतेपायी.

आता ती नावे ‘निअरप्लेन’ व ‘फारप्लेन’ अशी आहेत. ती तिने ठेवली आहेत.