टाकीपंत

ब्रिटनमधल्या कुठल्याही कॅम्पसाइटवर मोटरहोम लावा आणि चहाचं आधण ठेवा. ते उकळायच्या आत एक सत्तरीतले गृहस्थ हात मागे बांधून तुमच्या गाडीच्या मागच्या चाकांशी वाकलेले दिसतील. अंगात फ्लीसचं जाकीट, खाली थंडीवाऱ्याला न जुमानणारी अर्धी चड्डी, पायांत मोजे आणि मोज्यांवर सँडल. ते तुमचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. हवापाण्यावर बोलायचं म्हणजे त्यातली हवा ते सोडून देतात आणि थेट पाण्याला हात घालतात: "भरून चालवता की रिकामी?"

प्रश्न गोड्या पाण्याच्या टाकीचा असतो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचा वन रूम किचन. ओटा, पलंग, संडास-बाथरूम आणि पलंगाखाली नाहीतर बाकाखाली शंभरेक लिटरची टाकी. ही टाकी घरून निघताना भरायची की मुक्कामी पोचल्यावर, यावर मोटरहोमवाल्यांच्या जमातीत दोन पंथ पडले आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी बेटीव्यवहार नसावा. भरून निघणाऱ्यांना मी टाकीपंत म्हणतो, रिकामी नेणाऱ्यांना कोरडेशास्त्री. शास्त्रींची गाठ पुढे पडेलच. मान आधी पंतांचा, कारण त्यांचं सगळंच भरलेलं असतं.

आमच्या ओळखीचे टाकीपंत केंब्रिजशायरचे. इंग्लंडचा हा पूर्वेकडचा भाग त्या देशातला सर्वांत कोरडा. वर्षभराचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. पंत दर उन्हाळ्यात तिथून उत्तरेला स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जातात. तिथल्या डोंगरांत काही ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो. म्हणजे देशातल्या सगळ्यांत सुक्या जागेचं शंभर लिटर पाणी सुमारे पाचशे मैल वाहून सगळ्यांत ओल्या जागी न्यायचं, आणि सुटी संपली की परत आणायचं. वायपर सतत चालू, दोन्ही बाजूंना धबधबे, रस्त्यावर ओहोळ, आणि पंत आरशात बघून बायकोला सांगतात, "काळजी नको, टाकी भरलेली आहे."

परत आणायचं म्हटलं ते खरंच. हे पाणी ते वापरत नाहीत. आंघोळ कॅम्पसाइटच्या न्हाणीघरात, कारण तिचे पैसे भरलेले असतात. भांडी तिथल्याच सामायिक मोरीत. टाकीतलं पाणी प्यायचा तर प्रश्नच नाही. जंतू मारायच्या गोळ्या टाकून टाकून त्याला पोहण्याच्या तलावाचा वास आलेला असतो. चहासाठी म्हणून घरच्या नळाचं पाणी पाच-पाच लिटरच्या कॅनमधून वेगळं घेतलेलं असतं. केंब्रिजकडचं पाणी जड, चुन्याचं. किटलीला आतून पांढरी पुटं चढवणारं. स्कॉटलंडचं पाणी इतकं मृदू की त्यातल्या चहावर कधी साय धरत नाही. पंतांना मात्र चहावर ती तपकिरी साय लागतेच. "बाहेरच्या पाण्याला चव नसते," असं ते म्हणतात. सासरच्या पाण्याबद्दल माहेरवाशिणी म्हणतात त्याच सुरात.

मग टाकी कशासाठी? त्यांच्याकडे कारणांचीही टाकी भरलेली आहे. अर्धी टाकी वळणावर डचमळते, पूर्ण भरलेली गप्प बसते. पुढचा नळ बंद असेल. चालू असला तर त्याचे आटे वेगळे असतील. म्हणून त्यांच्याकडे नळाला जोडायच्या तोट्यांचा डबाच आहे: पितळी, प्लास्टिकच्या, आटे नसलेल्या नळाला आवळून बसवायची रबरी एक. तिन्ही जमल्या नाहीत तर बागेची हिरवी झारी. निळा पाइप पिण्याच्या पाण्याचा, करडा बाकीच्या कामांचा. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवणाऱ्या माणसाशी पंत पुन्हा बोलत नाहीत. फ्रान्सच्या काही सार्वजनिक थांब्यांवर यंत्रात नाणं किंवा टोकन टाकून पाणी मिळतं. तिथे पैसे पडले की पाणी वाहू लागतं आणि ते बहुधा आपल्याला थांबवता येत नाही. टाकी आधीच भरलेली असल्यामुळे पंतांची टाकी तिथे ओसंडते आणि ते शांतपणे बूट भिजवत उभे राहतात. पैसे दिलेलं पाणी सोडून कसं जाणार?

आता वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं सत्य ज्यांना आयुष्यभर पुरतं, अशा थोड्या लोकांत मोटरहोमवाले येतात. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. त्याआधीच्या मंडळींना ७,५०० किलोपर्यंत मुभा. पंत अर्थातच आधीच्या पिढीचे. पण सत्तरी आली की जड गाडीची मुभा टिकवायला डॉक्टरकडून फॉर्म भरून आणावा लागतो, आणि पंतांचा डॉक्टरांवर तेवढा विश्वास नाही. म्हणून त्यांनी मोठी गाडी विकून ३,५०० किलोवाली घेतली, सामान मात्र मोठ्या गाडीचंच ठेवलं.

गाडीच्या कागदपत्रांवर ते भाष्यकारासारखे बोलतात. युरोपच्या नियमानुसार गाडीचं 'चालू स्थितीतलं वजन' काढताना चालकाचं वजन ७५ किलो धरतात. पंत शेवटचे पंचाहत्तर किलोचे होते तेव्हा मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. काही जर्मन कंपन्यांनी तर युक्ती केली आहे: टाकीला एक झडप बसवायची, तिच्यामुळे प्रवासात टाकीत वीसच लिटर राहतात, आणि कागदावर ऐंशी किलो वाचतात. पंतांच्या गाडीला ती झडप आहे. ती त्यांनी गाडी ताब्यात घेतल्या दिवसापासून बंद करून ठेवली आहे. "वीस लिटर?" ते विचारतात. "वीस लिटरमध्ये माणूस काय करणार?" काय करणार ते त्यांना चांगलं माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या वहीप्रमाणे दोघांना दिवसाला सहा लिटरच्या वर कधी लागलेलं नाही.

ही वही घेऊन ते एकदा वजनकाट्यावर गेले होते. पुढची चाकं, मागची चाकं, सगळी गाडी, अशी वजनं झाली. मागच्या अ‍ॅक्सलवर भार जास्त निघाला, कारण टाकी त्या अ‍ॅक्सलच्याही मागे, आणि तिथे ठेवलेला प्रत्येक किलो तरफेच्या न्यायाने मागे किलोहून जास्त दाबतो आणि पुढची चाकं उचलतो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. ओल्या गवतावर तिची पुढची चाकं का गरगरतात, हे कोडं पंतांना तेव्हा सुटलं. उपाय म्हणून त्यांनी बायकोचं बिडाचं पातेलं, दोन घडीच्या खुर्च्या आणि पुस्तकांची पिशवी उतरवली. तरी आकडा जमेना. मग ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझं वजन आणि साठ लिटर पाणी साधारण सारखंच आहे बरं का." बाई म्हणाल्या, "मग या खेपेला पाणीच ने. गप्प बसतं म्हणालास ना?"

हे वेड त्यांना लागलं कुठून? चोवीस तास नळ वाहणाऱ्या मुलखात असा माणूस निपजतो कसा, याचं मला नवल वाटे. उत्तर १९७६ सालात आहे. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला. नद्या आटल्या, काही भागांत घरचं पाणी तोडून रस्त्यावर सार्वजनिक नळ उभे केले गेले, पार्लमेंटने दुष्काळाचा कायदा केला. ऑगस्टच्या अखेरीस सरकारने डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमलं आणि थोड्याच दिवसांत धो धो पाऊस सुरू झाला. लोक हसले. पंत तेव्हा विशी-पंचविशीतले; ते हसले नाहीत. रस्त्यावरच्या नळाशी बादली घेऊन उभे होते ते.

हे कळलं आणि मला माणूस एकदम नात्यातला वाटू लागला. आमच्याकडे '७२चा दुष्काळ' हे शब्द घरात कुणी नळ उघडा ठेवला की ऐकू येत. पहाटे पाणी आलं की पिंप, हंडे, कळश्या, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं की कालचं ते सगळं 'शिळं' म्हणून ओतून ताजं भरायचं. आई हे करत असे. पंतही तेच करतात: प्रत्येक सहलीआधी मागच्या सहलीचं अख्खं पाणी सोडून नवं भरतात. फरक एवढाच की आईच्या पिंपाला चाकं नव्हती.

त्यामुळे पंतांनी आमच्या गाडीची चौकशी आपुलकीनेच केली असणार. "तुम्हाला माणशी रोज किती लागतं?" वही उघडी, पेन्सिल तयार. आता काय सांगावं? तांदूळ दोनदा धुवायचे, डाळ तीनदा, तुपाचे हात, हळदीची ताटं. शिवाय तो आणखी एक विषय, ज्यासाठी त्यांना कागद पुरतो आणि आपल्याला तांब्या लागतो. आम्ही "बघू" म्हणालो. त्यांच्या वहीत आमच्यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

पंतांना मानकं फार आवडतात. त्यांचं लाडकं न्यूझीलंडचं. तिथे मोटरहोमला 'स्वयंपूर्ण' असा दाखला हवा असेल तर माणशी रोज चार लिटर गोडं पाणी, तेही तीन दिवसांचं, बाळगायची सोय लागते. इंग्लंडमध्ये घरी माणशी रोज सुमारे १४० लिटर खपतात. मोटरहोममध्ये शिरताच तोच माणूस चारावर येतो, याचा पंतांना अभिमान आहे. त्यांना इतिहासही आवडतो. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरांनी १८८५मध्ये ब्रिस्टलला लाकडी घरगाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून ट्वायफर्डपासून इन्व्हर्नेसपर्यंत सहल केली. पुढे रस्ता मोकळा आहे का हे बघायला नोकर तीनचाकी सायकलवर. हौशी कारव्हॅन-प्रवासाचे ते आद्य पुरुष मानले जातात. पंतांचा शेरा: "नोकर होता. नोकर असल्यावर टाकीची चिंता कोण करतो?"

थंडीत मात्र त्यांचा एक शत्रू जागा होतो. गाडीच्या बॉयलरला, पाणी गोठून तो फुटू नये म्हणून, एक झडप असते. तापमान तीन अंशांच्या आसपास उतरलं की ती आपण होऊन उघडते आणि बॉयलरमधलं पाणी गाडीखाली सोडून देते. पंप चालू राहिला तर टाकीही मागोमाग. सुरक्षेचा हा उपाय पंतांना दरोडा वाटतो. ऑक्टोबरनंतर त्या झडपेच्या बटणाला त्यांनी धुणं वाळत घालायचा चिमटा लावलेला असतो, आणि रात्री दोनदा उठून चिमटा जागेवर आहे ना हे ते चाचपून बघतात.

शास्त्रींची भेट त्यांना झाली ती स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, ड्युरनेसच्या पुढे, लॉक एरिबॉल नावाच्या खाडीकाठच्या एका थांब्यावर. तिथे ना नळ, ना न्हाणीघर. फक्त शेळ्यामेंढ्या आणि आडवा पाऊस. शास्त्री पन्नाशीचे, सडपातळ, टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवणाऱ्यांतले. त्यांनी आल्याआल्याच पंतांच्या गाडीचे दबलेले टायर पाहून मान हलवली. मग तासभर वाद. शास्त्री: शंभर किलो उगाच वाहता. पंत: साडेतीन हजारांतले शंभर म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. शास्त्री: गावोगाव नळ आहेत. पंत: कुठल्या आट्यांचे? बाईंनी मध्येच खिडकी लावून घेतली.

रात्री नऊच्या सुमारास पंतांच्या दारावर टकटक झाली. बाहेर शास्त्री. कमरेला टॉवेल, हातात रिकामी किटली, आणि डोक्यावर शांपूचा भरघोस फेस, ज्यावर पाऊस पडत होता पण पुरेसा नव्हता. पंतांनी एक शब्द उच्चारला नाही. आत जाऊन मापाचा जग आणला आणि दिव्याखाली धरून मोजून चार लिटर दिले.

"तीनच द्या," शास्त्री म्हणाले.

"मानक चारचं आहे," पंत म्हणाले.

डोकं धुऊन झाल्यावर शास्त्री आभार मानायला पुन्हा आले. एका डोळ्यात अजून फेस होता. म्हणाले, "खरं तर आभार तुम्ही मानायचे. मागच्या अ‍ॅक्सलवरचे चार किलो उतरवले मी."

सकाळी सातला पंत गमबूट घालून, हिरवी झारी घेऊन रस्त्याला लागलेले दिसले. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, जवळची वस्ती दोन मैलांवर आहे, येईल दहापर्यंत.