जावईबापूंनी काचेला भोक पाडलं!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अलीकडे या, मामींची खिडकी उघडी आहे... समोरच्या जावईबापूंनी नव्याकोऱ्या विंडशील्डला भोक पाडलं! तेही सासऱ्यांकडूनच, म्हणजे आपल्या मामांकडूनच, ड्रिल मागून घेऊन!

पुण्याहून स्वारी मोटारसायकलवर आली ती तुम्ही पाहिलीतच. बेंगळूर, सेलम, त्रिची, तंजावर करत बाराशेच्या वर किलोमीटर. मामा आधीच धुसफुसत होते, सद्गुरुस्वामींच्या मठात दर्शनाला यायचं तर माणूस रेल्वेने येतो म्हणून. आपल्या मरुदानल्लूरला काय स्टेशन लांब आहे? कुंभकोणम तर इथेच. आणि उतरल्या उतरल्या जावईबापू म्हणाले काय, तर "मान आखडली." मामींच्या हातात डिग्री कॉफी तशीच राहिली हो!

तर काय सांगत होते... लांबच्या प्रवासात अंगावर वारा नको, म्हणून त्यांनी ही उंच काच लावून घेतली होती. पण गाडी ऐंशीच्या वर गेली की हेल्मेट थडथडायचं, कानात नुसता गोंगाट. शिवाय हा वैशाख! काचेमागे छातीला झुळूक म्हणून लागत नाही, शर्ट पिळून काढावा असा घाम. मामा म्हणाले, "मग आणखी उंच काच घ्या." तेव्हा जावईबापूंनी शांतपणे भोकाचा विषय काढला. मामांचा चेहरा असा पडला ना! पण जावयाला बोलणार कोण?

मी तिथेच होते, कढीपत्ता मागायला गेले होते ना. त्यांनी नीट समजावलं हं. काच वारा फाडत जाते, तर तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. मग वरून, दोन्ही बाजूंनी वारा गिरक्या घेत त्या पोकळीत घुसतो, आणि तोच डोक्यावर आदळतो. मधूनच थोडी हवा रीतसर आत सोडली की दाब भरून निघतो, गिरक्यांचा जोर ओसरतो. हार्ले-डेव्हिडसनवाल्यांनी म्हणे 2014 च्या टूरिंग गाड्यांना पुढे अशीच झडप दिली, हवी तेव्हा उघडा, हवी तेव्हा मिटा. मामी फटकन म्हणाल्या, "त्यांनी कारखान्यात दिली, आमच्या ओट्यावर नाही!" मामींचं आपलं असंच...

त्यात त्रिचीच्या आत्या आलेल्या. त्या बोलल्याशिवाय राहतात? "वारा अडवायला काच घ्यायची आणि वारा यायला भोक पाडायचं! पुण्यात यालाच हुशारी म्हणतात वाटतं." सगळे फिदीफिदी हसले. मामांची मुलगी बिचारी गोरीमोरी झाली, उठून आतच गेली.

पण माणूस बेताबेताने काम करणारा, हे मान्य करायला हवं. काच पॉलिकार्बोनेटची आहे याची आधी खात्री केली. ॲक्रिलिक असती तर चटकन तडकते म्हणे. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, मागे लाकडाची फळी, नजरेच्या रेषेच्या बरंच खाली खूण. आधी बारीक भोक, मग सुताराकडून आणलेला होल-सॉ, अगदी हळू फिरवत. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर पावसात मिटता येईल अशी प्लास्टिकची झडप. एवढ्यात मामा मदतीला धावले... हातात पेट्रोलचा बोळा! काच पुसायला! जावईबापू ओरडलेच, "नको, नको, पेट्रोलने बारीक तडे जातात, साबणाचं पाणी द्या!" मामा बोळा हातात धरून तसेच उभे. काय सांगू तुम्हाला, मला हसू आवरेना, पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी तंजावरला जाऊन आले. थडथड अगदी गेली नाही म्हणाले, पण निम्म्याने कमी, आणि छातीला वारा! मामींनी मग मुकाट्याने दुसरी कॉफी केली.

आणि आता खरी गंमत ऐका. काल रात्री त्रिचीहून फोन. आत्याच! "आमच्या मुलाच्या गाडीचीही काच उंच आहे हो, त्याचंही डोकं हलतं म्हणे. जावईबापू जाता जाता इकडे उतरतील का?" फोन मामांनी घेतला होता. म्हणाले, "उतरतील की. पण ड्रिल आमचं आहे, त्यामुळे मीही येणार."

मामी आत्तापासून मुरुक्कू तळायला बसल्यात.