वारसाहक्काची बंदूक

ज्या वर्धा जिल्ह्यात १९३६ साली महात्माजी सेगावी येऊन राहिले, ज्याच्या पुलगावी दारूगोळ्याचे अवाढव्य कोठार आहे, आणि जो (हे जाता जाता) दारूबंदीचाही जिल्हा आहे, तेथे आमचे आर्वीकडील काका, रानडुकरांच्या उपद्रवास्तव घेतलेली ठासणीची बंदूक मागे ठेवून निवर्तले. डुकरांनी तिला कधी भीक घातली नाही. भ्यालो ते आम्ही वारस. कारण शेताचा फेरफार तलाठ्याच्या दप्तरी होतो, परंतु बंदुकीचा परवाना मयताच्या नावचा, म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि ठेवावयाची असल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावे अर्ज करावा. घराच्या हिश्श्यावरून वर्षभर अबोला धरलेल्या आमच्या भावंडांनी बंदुकीवरील हक्क मात्र एकमुखाने, अत्यंत उदार अंतःकरणाने, परस्परांस अर्पण केला! ठाण्यात हवालदाराने नळी उलटी करून ठोकताच कोळ्याचे जाळे आणि ज्वारीचे दोन दाणे टेबलावर पडले. त्यांची नोंद कोणत्या रकान्यात करावी, यावर बराच खल झाला. वाचकहो, आपल्या माळ्यावर असा वारसा असल्यास आजच जमा करा, आणि पावती घेतल्यावाचून ठाण्याची पायरी उतरू नका.